जलपर्णीतली रागीट परी

तळ्याच्या काठावर मैना रागाने लालबुंद होऊन उभी होती. पाणी दिसेल तर शपथ! जलपर्णीच्या गुबगुबीत पानांनी तळं काठोकाठ झाकलं होतं. बाबांची होडी त्यात रुतून बसली होती, आणि गोठ्यात बुगडी म्हैस चाऱ्यावाचून झिजत चालली होती. आई म्हणाली होती, "महिनाभरात चारा नाही मिळाला, तर बुगडीला विकावं लागेल."

"मेली जलपर्णी!" म्हणत मैनाने एक जांभळं फूल धरलं.

"खबरदार!" फुलातून इवलीशी परी उसळून बाहेर आली. पंख जांभळे, कपाळावर चमचमती पिवळी टिकली आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"तू आमचं तळं गिळलंस!"

"मी आपणहून आले का? फुलं सुंदर म्हणून तुम्हीच आणलंत. वर गावाचं गटार पाजून मला फुगवलंत!"

मैनाने फूल सोडलं. ती हळूच म्हणाली, "माझ्या बुगडीला चारा हवाय गं."

परीचा आवाज मऊ झाला. "देते. पण दोन अटी. गटाराच्या तोंडाशी वाढलेली पानं घ्यायची नाहीत, ती विषारी. आणि भुकेल्या जनावराला नाही म्हणायचं नाही."

परीने शिकवलं तसं मैनाने लांबच्या स्वच्छ काठावरून पानं ओढली, सुकवली, चिरली, गूळपाणी शिंपडून पिंपात दाबून भरली.

"लोणचं घालतेस का गं?" शेजारची गिरजामावशी फिदीफिदी हसली. पण चाऱ्याची कल्पना तिने उचललीच. तिने गटाराजवळची टवटवीत पानं तोडली आणि ओलीच गाईला घातली. गाय आजारी पडली.

एकविसाव्या दिवशी मैनाने पिंप उघडलं. आंबटगोड वास दरवळला. तेवढ्यात गिरजामावशी आली.

"पोरी, गाय उठून उभी राहिली, पण आता घरात काडी नाही. थोडं देतेस?"

"तेव्हा हसत होतीस ना? माझ्या बुगडीलाच पुरायचं नाही!"

मावशीमागे खोल डोळ्यांची गाय उभी होती. मैनाने पाय आपटला. "तुझ्यावर रागच आहे माझा, मावशी. तो गाईवर कशाला काढू?" आणि अर्धा चारा तिने टोपलीत ओतला.

बघते तर पिंप पुन्हा काठोकाठ भरलेलं! बुगडी पोटभर जेवली. मग अख्खा गाव चारा विकत घ्यायला लोटला.

मैना पिंपावर चढून बसली. "भुकेल्या जनावरापुरता आत्ताच न्या. साठवायला हवा, तर आधी गटार तळ्यापासून वळवा. मग चारा!"

"एवढीशी पोर, आणि आम्हाला दटावते?" सरपंच म्हणाले.

"हो, दटावते!"

कुदळी चालल्या, गटार वळलं, मैनाने चारा वाटला. तेव्हा परी पहिल्यांदा हसली, सगळ्या जलपर्णीसकट जांभळ्या-सोनेरी उजेडात विरघळली, आणि तिच्याखाली निळं पाणी लखलखलं. सगळे आनंदाने ओरडले. मैना मात्र काठावर ठाण मांडून बसली. पुन्हा कुणी गटार सोडायला आलं, तर गाठ तिच्याशी होती.