हाताचा गुण आणि टोमॅटोचे सार

डुबुक, डुबुक. फार पूर्वी एका घराच्या स्वयंपाकघरातून बंद दाराआडून असा आवाज यायचा. ओसरीवर बसलेला म्हातारा सासरा तो आवाज बरोबर ओळखायचा.

त्या घरात दोन सुना होत्या. परसातल्या टोमॅटोंना पाणी घालायची ती धाकटी, झाडांना काठ्यांचा आधार द्यायची तीही धाकटीच. वाहवा मात्र व्हायची थोरलीच्या साराची. सार असे मऊसूत, की एक साल तोंडात यायची नाही. ते करताना थोरली आतून कडी लावायची.

धाकटीने एकदा विचारले, "जाऊबाई, साल कशी काढता?"

"त्याला हाताला गुण असावा लागतो," थोरली म्हणाली. "तो काय शिकवून येतो?"

बिचारी धाकटी कधी विळीवर साल तासायची, तर निम्मा गर सालीबरोबर जायचा. कधी निखाऱ्यावरचा टोमॅटो तसाच गरम सोलायची. बोटांना फोड आले. म्हाताऱ्याला ते दिसत होते. तो मुळात अबोल. आज ना उद्या थोरली सांगेल, या आशेवर गप्प राहिला.

एके दिवशी पाहुणे जेवायला आले. सार धाकटीने केले. बोटे इतकी दुखत होती, की साली तशाच राहिल्या. वाढता वाढता थोरली म्हणाली, "हे सार प्यायचं की चावायचं, ते ज्याचं त्यानं ठरवा हं."

पंगत हसली. धाकटीने मान खाली घातली.

म्हाताऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. "धाकटे, इकडे ये," तो सावकाश म्हणाला. "टोमॅटोच्या बुडाला फुलीसारखी चीर द्यायची. मग उकळत्या पाण्यात सोडायचा. चिरेपाशी साल उलटायला लागली, की काढून लगेच गार पाण्यात टाकायचा. साल आपसूक हातात येते. तुझ्या सासूनं थोरलीला हे शिकवलं, ती या घरात नवी होती तेव्हा. थोरलीनं विचारलंही नव्हतं."

थोरली पुटपुटली, "मामंजी, हिनं मला नीट विचारलंच नाही कधी."

म्हाताऱ्याने एकवार तिच्याकडे पाहिले. धाकटीच्या साराची वाटी उचलली, सालींसकट शेवटच्या घोटापर्यंत संपवली, आणि उठून परसातल्या टोमॅटोंकडे चालता झाला.

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: जे आपल्याला न मागता मिळाले, ते मागणाऱ्यालाही न देणे ही चोरीच आहे.