तिसरे तळे

ओढ्याकाठच्या एका गावात फार वर्षांपूर्वी एक रंगारी राहत होता. त्याची नजर अशी तयार होती की दहा वर्षे वापरलेले लुगडे समोर टाकले, तरी ते आपल्या कढईतले की दुसऱ्याच्या, हे तो लांबूनच सांगे. सोमवारी तो पिवळा रंग काढी, मंगळवारी मंजिष्ठेच्या मुळांचा लाल, गुरुवारी निळा. काम झाले की कढईतले उरलेले पाणी ओढ्यात सोडून देई. ओढा पुढे अर्ध्या कोसावरच्या खालच्या वाडीला जाई. वाडीतली पोरे म्हणे ओढा बघून वार सांगत. हे ऐकून रंगाऱ्याला हसू येई, थोडा अभिमानही वाटे.

पण रंगाबरोबर तो पक्का करायला घातलेली तुरटी आणि हिराकसही पाण्यात जाई. वाडीतल्या लोकांची पोटे दुखत, गुरे ओढ्याला तोंड लावीनात. शेवटी गावच्या पंचांनी एक बेत आखला. कल्पना त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माळ्याची. गाव आणि वाडी यांच्यामध्ये ओढ्यावर एकापुढे एक अशी तीन उथळ तळी खणायची आणि त्यांत पाणकणीस हे पाण्यात वाढणारे उंच गवत लावायचे. मुळांमधून पाणी हळूहळू पुढे सरकले की गाळ आणि रंग मागेच राहतो. खर्चासाठी ज्याने त्याने झेपतील तेवढे वाटे घ्यायचे. दरवर्षी पाणकणसाच्या पाती कापून चटया विणणाऱ्यांना विकायच्या आणि आलेले पैसे वाट्यांप्रमाणे परत द्यायचे.

लोहाराने एक वाटा घेतला, तेलिणीने दोन घेतले. रंगारी पाच तरी घेईल, असे सगळे धरून चालले होते. तो बेत तोट्याचा नव्हता, हे त्यालाही दिसत होते. त्याचा हात अडला तो दुसऱ्याच गोष्टीने. आपण वाटा घेतला, तर पाणी आपल्यामुळेच बिघडले हे आपल्या तोंडाने कबूल केल्यासारखे होईल, असे त्याच्या मनाने घेतले.

म्हणून तो चावडीवर म्हणाला, "माळीबुवा, ओढ्यात काय मी एकटाच आहे? म्हशी डुंबतात, बाया धुणी धुतात. मलाच का पुढं करता?"

"तुझं नाव कुणी घेतलंय का रे?" माळ्याने विचारले.

तेलीण म्हणाली, "घ्यायला कशाला पाहिजे? हात बघा की त्याचे, कोपरापर्यंत निळे."

सारी चावडी हसली. रंगाऱ्याने हात उपरण्याखाली घेतले आणि तो वाटा न घेताच घरी गेला.

जमलेले पैसे दोनच तळ्यांना पुरले. तिसऱ्याच्या जागी नुसत्या आखणीच्या खुंट्या राहिल्या. तरी दोन पावसाळ्यांत पाणकणीस वाढले आणि त्या दोन तळ्यांनी पुष्कळ काम केले. वाडीत जाणारे पाणी पूर्वीसारखे गडद राहिले नाही. पाती विकल्या गेल्या, वाट्याचे पैसे घरोघर पोचले. आपल्यावाचून कुणाचे काही अडले नाही, अशी रंगाऱ्याने मनाची समजूत घातली.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या कोष्ट्याच्या घरी नातवाचे बारसे होते. कोष्टी रंगाऱ्याकडूनच सूत रंगवून नेई, म्हणून त्याला आग्रहाचे बोलावणे आले. कोष्टिणीने पाट मांडला, तांब्याभर पाणी ठेवले. पाणी नितळ होते आणि चवीला गोड होते. रंगारी सुखावला.

"छान झालं की तुमचं पाणी," तो म्हणाला. "उगीचच ओरड होती."

कोष्टी उठला. वाढायला सांगतो म्हणून आत गेला.

जेवणे झाल्यावर रंगारी हात धुवायला परसात गेला. तिथे कोष्टीण रांजणातले पाणी वाटीत घेऊन घरच्या मुलांना देत होती. वाटीतल्या पाण्याला अगदी फिकी लालसर झाक होती. दुसऱ्या कुणाला ती दिसलीही नसती. रंगाऱ्याला दिसली. ती त्याच्या मंजिष्ठेची होती.

"हे कुठलं पाणी?" त्याने विचारले.

चूक आपलीच असल्यासारखी ती ओशाळली. "ओढ्याचंच, दादा. निवळून घेतो आम्ही. तुमच्यासाठी सकाळी डोंगरातल्या झऱ्यावरून हंडा आणला होता. पाहुण्याला हे कसं द्यायचं?"

"मला कधी कुणी बोललं का नाही?"

"काय बोलायचं? रंग तर आमच्यापेक्षा तुम्हीच चांगला ओळखता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर रंगाऱ्याला ते सोसायला सोपे गेले असते. तो पाळण्यापाशी न थांबता, विडा न घेता निघाला. वाटेत दोन्ही तळी लागली, पण त्याच्याने तिकडे बघवले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पाच वाट्यांचे पैसे पंचांपुढे ठेवले. माळी म्हणाला, बस, आनंद झाला. पण रंगारी उभाच राहिला.

"आधी ऐका. ओढ्यातला रंग माझा आहे. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. म्हशींचं नाव मी उगाच घेतलं."

टोमणे ऐकायची त्याने तयारी ठेवली होती. पण कुणी हसले नाही. तेलिणीने सरकून त्याला बसायला जागा केली, आणि ते त्याला जास्त जड गेले.

"तिसरं तळं कधी होईल?" त्याने विचारले.

"खणायला महिना पुरे," माळी म्हणाला. "पण पाणकणसानं मुळं धरायला दोन पावसाळे जातात. पैसे दिले म्हणून ते लवकर वाढत नाही, बाबा."

"तोवर कोष्ट्याचा नातू..."

"तोवर तो चालायला लागेल. पाणी मागायला लागेल."

त्या दिवसापासून कढईतले उरलेले पाणी रंगारी घागरींनी उजाड माळावर नेऊन ओतू लागला. कापड धुताना ओढ्यात उतरणारा रंग तेवढा अडवता येत नव्हता. त्यासाठी तळेच हवे होते. पण हे घागरींचे काम आपल्याला आधीही करता आले असते, हे त्याला दर खेपेला नव्याने कळे.

दोन पावसाळ्यांनंतर तिसऱ्या तळ्यातून नितळ पाणी वाडीत पोचले. वाडीने गूळ वाटला. रंगाऱ्याच्या घरी तो घेऊन कोष्टीण स्वतः आली. त्याने दोन्ही हात पुढे करून गूळ घेतला, पण तिच्याकडे बघायला त्याची मान काही वर झाली नाही.

या गोष्टीचे तात्पर्य असे: सर्वांच्या भल्याचे काम आपला वाटा मागायला येते, तेव्हा आपला दोष उघडा पडेल म्हणून मागे सरू नये. उशिरा दिलेल्या पैशातून तळे होते, पण मधली वर्षे दुसऱ्याने तेच पाणी पिऊन काढलेली असतात.