पाच गुंठ्यांचे कुरण

एकदा एका जाणत्या शेळीपालकाकडे एक शिष्य विद्या शिकायला येऊन राहिला. पांझरा नदीच्या काठी त्या वृद्धाचा दीडशे शेळ्यांचा कळप होता. लोक त्याला नथूबाबा म्हणत. शिष्याचे नाव हिरामण. पशुसंवर्धनाची पदविका घेतलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण मोठा कष्टाळू होता. कोणत्या जातीची शेळी किती उंच होते, किती खाते, कोणत्या हवेत तगते, हे त्याला तोंडपाठ होते. चार वर्षे झाल्यावर नथूबाबा एके दिवशी म्हणाले, "हिरामण, आता जो कोणी शेळी मागायला येईल, त्याच्यासाठी तू निवड. मी मध्ये पडणार नाही."

त्याच आठवड्यात मालिनीबाई निकुंभ आल्या. सरकारी दवाखान्यातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती. सोबतीला राहणारी धाकटी बहीणही दिवाळीनंतर आपल्या मुलाकडे राहायला गेली होती. घरामागे पाच गुंठे गवताळ जमीन होती, कडेने सुबाभळीचे कुंपण होते.

"मला दूध नको, करडं विकायची नाहीत," त्या म्हणाल्या. "घरात माझ्याशिवाय कोणी नाही. मागे-मागे फिरणारी, हाक मारली की येणारी अशी एक शेळी द्या."

हिरामण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आला. त्याने जमीन मोजली, गवत पाहिले, सावली कुठे पडते ते पाहिले. त्या कुरणावर एक मोठी शेळी निभेल किंवा दोन लहान, असा हिशेब त्याने मांडला. बाईंना एकच हवी होती आणि देखणी हवी होती. म्हणून त्याने कळपातली जमनापारी जातीची शेळी निवडली. उंच, पांढरीशुभ्र, लोंबत्या कानांची, बाटलीने दूध पाजून वाढवलेली. नथूबाबांनी ऐकून घेतले आणि "बरं" एवढेच म्हणाले.

बाई शेळी न्यायला यायच्या होत्या, त्या सकाळी बाबांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी जमनापारीला कळपातून काढून पलीकडच्या रिकाम्या कुंपणात एकटी ठेवली आणि बाकीचा कळप नदीच्या खालच्या अंगाला पाठवून दिला. हिरामणने कारण विचारले. बाबा फाटकाची कडी लावून बाईंची वाट पाहायला गेले.

बाई कुंपणात शिरल्या मात्र, शेळी ओरडत धावत आली. त्यांच्या पदराला नाक घासू लागली. त्या चार पावले चालल्या की ही चार पावले चाले. त्या थांबल्या की ही पायाशी अंग चिकटवून उभी राही. बाईंचे डोळे भरून आले. "अगं बाई, हिला तर आत्ताच माझा लळा लागला!" हिरामणला आपली निवड अचूक ठरल्याचा आनंद झाला.

तेवढ्यात नथूबाबांनी फाटक उघडले आणि मुद्दाम मागे ठेवलेली एक साधी गावरान शेळी आत सोडली. जमनापारीने मान वर केली. पुढच्या क्षणी ती बाईंना सोडून तिकडे धावली. दोघींनी एकमेकींची डोकी हुंगली आणि शेजारी-शेजारी उभ्या राहून त्या पाला खाऊ लागल्या. बाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. शेळीने वळूनही पाहिले नाही.

बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बाबा, माझ्याजवळ कोणी थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. ते दाखवायला एवढ्या लांब बोलावलंत?"

हिरामणला राग आवरेना. "मध्ये पडणार नाही म्हणाला होतात ना, बाबा?"

"म्हणालो होतो. चुकलं माझं," बाबा म्हणाले. मग बाईंसमोर जमिनीवर बसले. "ताई, तुम्ही माणसांची नाडी बघितलीय. ही धावत आली तेव्हा हिच्या बरगड्या बघितल्या का? कशी धापा टाकत होती? सकाळपासून ती एकटी होती, भेदरलेली होती. त्या वेळी मी गेलो असतो, तर माझ्याही पायाशी अशीच चिकटली असती. हिला एकटी घरी नेली, तर जन्मभर तुमच्या मागे फिरेल. तुम्ही आतून कडी लावली की दारात ओरडत उभी राहील. तुम्हाला वाटेल, केवढी माया! पण तिचा दिवस भीतीत जाईल. शिवाय ही उंच जात लांब-लांब हिंडून झाडपाला ओरबाडणारी. पाच गुंठ्यांतला पाला ती महिन्यात संपवेल."

"मग मी काय नेऊ?"

"सुरती जातीचे दोन बोकड आहेत, सख्खे भाऊ. खच्ची केलेले आहेत, म्हणून वास नाही, दांडगाई नाही आणि पिलावळ वाढून कुरण उजाड व्हायची भीती नाही. अंगाने लहान. ही जात थोड्या जागेत सुखाने राहते."

"ते दोघं एकमेकांत रमतील. मग त्यांना माझी गरज काय?"

"चाऱ्यापाण्यापुरती," बाबा शांतपणे म्हणाले. "पण ज्याचं पोट भरलंय, ज्याला सोबत आहे, असं जनावर एखाद्या दिवशी उठून तुमच्याकडे आलं, तर ते फक्त तुमच्यासाठी आलेलं असेल. कधी येईल ते मी सांगू शकत नाही. येईलच, असंही सांगत नाही."

बाई काही न ठरवता निघून गेल्या. त्या आता परत येणार नाहीत, असे हिरामणला वाटले. त्या रात्री तो बाबांशी बोललाही नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, दोघांना घेऊन या.

दोन महिन्यांनी हिरामण त्या बोकडांचे खूर कापायला गेला. कुरणाचे बाईंनी दोन भाग केले होते, एका भागात चराई चालू होती, दुसऱ्यात गवत पुन्हा उगवत होते. बोकड अंगाने भरले होते. खूर कापता-कापता त्याने विचारले, "रमले का तुमच्याशी?"

"पहिला महिना माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही त्यांनी," बाई म्हणाल्या. "पाला संपला की पाठ फिरवायचे. दोनदा मनात आलं, परत पाठवावेत. तुमच्या बाबांना काय-काय बोलले मनातल्या मनात! मग गेल्या मंगळवारी मी ओसरीवर मेथी निवडत बसले होते. दोघं सावलीत रवंथ करत होते. समोर पाला पडलेला, पाणी भरलेलं. हा तांबूस कानांचा एकटाच उठला. मला वाटलं, मेथीसाठी येतोय. मी जुडी पुढे केली, तर तोंड लावलं नाही. माझ्या मांडीवर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिला."

"किती वेळ?"

"असेल थोडा वेळ. मी हललेच नाही. मग गेला परत भावाजवळ. तो गेला, तरी मला वाईट वाटलं नाही. ते मला नवीन होतं. त्या रात्री बहिणीला फोन केला. एरवी मी तिला विचारायची, परत कधी येतेस? त्या दिवशी विचारलं, तिकडे करमतं का गं तुला? तर ती तासभर बोलत राहिली."

हिरामणने शेवटचा खूर कापला आणि पाय सोडून दिला. त्याने गवत मोजले होते, सावली मोजली होती, जनावराची उंची मोजली होती. परंतु एकटेपणाची भीती आणि माया दिसायला इतक्या सारख्या असतात, हे त्याच्या मोजमापात कुठे आले नव्हते. बाबांवरचा उरलासुरला राग त्याच्या मनातून केव्हा निघून गेला, ते त्यालाही कळले नाही.

सुटलेला बोकड अंग झटकून बाईंच्या समोरून कुरणाच्या पार टोकाकडे चालला. बाईंनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिले. हाक मारली नाही.