टिंगूच्या गोलला टाळी

मैदान होतं हिरवं. नाकतोडा होता हिरवा. म्हणून नाकतोडा कुणाला पटकन दिसायचाच नाही. त्याचं नाव टिंगू.

टिंगू फुटबॉल खेळायचा. बॉल कसला? रिठ्याच्या बीचा. काळा, गोल, गुळगुळीत.

टिंगूच्या क्लबचं नाव हिरवळ क्लब. क्लबात चार मुंगळे, एक गोगलगाय, आणि गोल राखायला कासवआजोबा. आजोबा एकदा बसले की मागचं काही दिसायचंच नाही. मग समोरच्यांनी बॉल मारायचा तरी कुठे?

एका मंगळवारी मॅच होती. घरच्या मैदानावर. समोर होते खेकडे. खेकडे पळाले आडवे. टिंगू पळाला सरळ. उडी मारली, टुण्ण. लाथ मारली, ठप्प. बॉल गेला सुंऽऽऽ.

गोल झाला.

टिंगू थांबला. टाळीची वाट बघत थांबला.

टाळी नाही.

टिंगूने इकडे बघितलं. कोणी नाही. तिकडे बघितलं. कोणी नाही. दगडावर कोणी नाही. बांधावर कोणी नाही. झाडाखाली सावली होती, सावलीत कोणी नाही.

चार मुंगळ्यांनी टाळी वाजवली. पण मुंगळ्यांची टाळी ऐकू येते का? शिवाय आपल्याच गड्यांची टाळी धरत नाहीत.

"आता काय म्हणावं याला," टिंगू म्हणाला. "एवढा चांगला गोल. आणि बघायला चिटपाखरू नाही."

टिंगूला फार वाईट वाटलं. आणि रागही आला.

"मला माझी टाळी हवी," तो म्हणाला. "टाळी मिळाली नाही, तर मी पुन्हा बॉलला पाय लावणार नाही."

मैदानापलीकडे बाजार भरला होता. टिंगू तिकडे निघाला.

टुण्ण टुण्ण टुण्ण.

गाजरांच्या ढिगाजवळ बसली होती सशाची पिल्लं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही जण गाजर खात होते. कुरुम कुरुम.

टिंगू म्हणाला,
"पिल्लांनो, पिल्लांनो, टाळी वाजवता का?
माझा गोल तसाच पडून."

पिल्लं म्हणाली, "आम्ही नाही वाजवत. आईने मॅचला आणलं तर वाजवू. आई नाही, तर टाळी नाही."

कुरुम कुरुम.

"बरं," टिंगू म्हणाला. अजून त्याचा आवाज गोड होता.

टुण्ण टुण्ण टुण्ण.

ससेकाकू भाजी घेत होत्या. मुळा हलवून बघत होत्या. पाला ओढून बघत होत्या. भाजीवाल्या घुशीला म्हणत होत्या, "हा मुळा कालचा आहे."

टिंगू म्हणाला,
"ससेकाकू, ससेकाकू, पिल्लांना आणता का?
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

ससेकाकू म्हणाल्या, "मी नाही आणत. मॅच सुरू झाली रे झाली की माझी पिल्लं भूक भूक करतात. खारूताईने शेंगा आणल्या तर आणीन. शेंगा नाहीत, तर पिल्लं नाहीत."

आणि पुन्हा मुळ्याकडे वळल्या.

"बरं बरं," टिंगू म्हणाला.

टुण्ण टुण्ण टुण्ण.

खारूताई शेंगा भाजत होती. भली मोठी पाटी. पाटीत गरम गरम शेंगा. वास असा, की टिंगूच्या मिशा हलल्या.

टिंगू म्हणाला,
"खारूताई, खारूताई, शेंगा आणतेस का?
काकू पिल्लांना आणत नाहीत,
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

खारूताई म्हणाली, "मी नाही आणत. पाटी केवढी, आणि मी केवढी. म्हैसमावशीने पाटी नेली तर आणीन. म्हैस नाही, तर शेंगा नाहीत."

टिंगूने एक उसासा टाकला. नाकतोड्याचा उसासा तो केवढा? फूस. एवढाच.

टुण्ण टुण्ण टुण्ण.

म्हैसमावशी बाजाराच्या कडेला उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. तोंड हलतंय. शेपूट हलतंय. सप्प इकडे. सप्प तिकडे. टिंगूला दोनदा वारा लागला. तिसऱ्यांदा तो उडून पडला. उठला, पंख झटकले.

टिंगू म्हणाला,
"म्हैसमावशी, म्हैसमावशी, पाटी नेतेस का?
खारूताई शेंगा आणत नाही,
काकू पिल्लांना आणत नाहीत,
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

म्हैसमावशी म्हणाली, "म्या न्हाई नेत. पाठीवर माशा बसत्यात. हाकलू हाकलू शेपूट दुखायलंय. बगळा येऊन बसला तर नेईन. बगळा न्हाई, तर पाटी न्हाई."

सप्प.

"हे बरं आहे," टिंगू पुटपुटला. "गोल मी मारायचा. पळायचंही मीच."

टुण्ण टुण्ण टुण्ण.

बगळेदादा मासळीवाल्यांच्या ओळीत उभा होता. एका पायावर. मान वाकडी करून. एक छोटासा मासा आपल्याला कोणी देतंय का, हे बघत होता. कोणी देत नव्हतं.

टिंगू म्हणाला,
"बगळेदादा, बगळेदादा, म्हशीवर बसतोस का?
म्हैसमावशी पाटी नेत नाही,
खारूताई शेंगा आणत नाही,
काकू पिल्लांना आणत नाहीत,
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

बगळेदादा म्हणाला, "मी नाही बसत. तुमच्या मैदानावर कसं शांत शांत असतं. मला झोप लागते. झोप लागली की मी म्हशीवरून पडतो. मागे एकदा पडलो. सगळे हसले. सुतारमामांनी ढोल वाजवला तर बसेन. ढोल नाही, तर बगळा नाही."

टिंगूने डोळे मिटले. डोळे उघडले. बगळेदादा तिथेच होता. एका पायावर.

"कमाल आहे बाबा तुमची," टिंगू म्हणाला.

टुण्ण. टुण्ण. टुण्ण. आता उड्याही चिडून मारत होता.

बाजाराच्या मधोमध आंब्याचं झाड. झाडावर सुतारमामा. सुतारमामा म्हणजे लाल तुऱ्याचा सुतारपक्षी. चोचीने खोडाचा ढोल वाजवत होते. टकटकाटक, टकटकाटक. "मुळे घ्या, गाजरं घ्या," टकटकाटक.

टिंगू झाडावर चढला. एक फांदी. दोन फांद्या. तीन फांद्या. वर पोचेपर्यंत दम लागला. तरी सगळं म्हणावं लागलंच.

टिंगू म्हणाला,
"सुतारमामा, सुतारमामा, ढोल वाजवता का?
बगळेदादा म्हशीवर बसत नाही,
म्हैसमावशी पाटी नेत नाही,
खारूताई शेंगा आणत नाही,
काकू पिल्लांना आणत नाहीत,
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

सुतारमामांनी ढोल थांबवला. मान तिरपी केली.

"काय रे, आज वार कुठला?"

"मंगळवार," टिंगू म्हणाला.

"मंगळवारी काय असतं?"

"मॅच असते."

"आणखी काय असतं?"

टिंगूने खाली बघितलं. गाजरं होती. मुळे होते. शेंगा होत्या. मासळी होती. काकू होत्या, पिल्लं होती, खारूताई होती, म्हैस होती, बगळा होता. सगळं गाव होतं.

"बाजार असतो," टिंगू हळूच म्हणाला.

"मग?" सुतारमामा म्हणाले. "मंगळवारी सगळे बाजारात. मीही बाजारात. तुमची मॅच दर मंगळवारी, भर बाजाराच्या वेळी. कोण येणार? कासवआजोबांनी वार बदलला तर वाजवीन. बुधवारी मी रिकामाच असतो. वार नाही, तर ढोल नाही."

टकटकाटक, टकटकाटक. "मुळे घ्या, गाजरं घ्या."

टिंगू फांदीवर तसाच बसून राहिला. सगळा बाजार पायाखाली घातला, आणि बाजार दिसला नाही तो नाहीच. त्याला स्वतःचाच राग आला.

मग तो उतरला. तीन फांद्या. दोन फांद्या. एक फांदी. आणि मैदानाकडे निघाला. जिथून निघाला होता, तिथेच.

टुण्ण टुण्ण टुण्ण.

मॅच कधीच संपली होती. खेकडे आडवे आडवे घरी गेले होते. कासवआजोबा मात्र आपल्या जागी होते. उठायचं म्हणत होते. उठत होते.

टिंगू म्हणाला,
"आजोबा, आजोबा, वार बदलता का?
सुतारमामा ढोल वाजवत नाहीत,
बगळेदादा म्हशीवर बसत नाही,
म्हैसमावशी पाटी नेत नाही,
खारूताई शेंगा आणत नाही,
काकू पिल्लांना आणत नाहीत,
पिल्लं टाळी वाजवत नाहीत,
माझा गोल तसाच पडून."

आजोबांनी सगळं ऐकलं. मग विचार केला. गोगलगाय मैदान ओलांडून पलीकडे गेली, तरी आजोबा विचारच करत होते.

"मॅच... मंगळवारीच असते," आजोबा म्हणाले. "पहिल्यापासून."

"पण का, आजोबा?"

"मी सोमवारी घरून निघतो. मंगळवारी पोचतो. पोचलो, की मॅच."

"आणि बुधवारी कुठे असता?"

"बुधवारी?" आजोबांनी पुन्हा विचार केला. "बुधवारी इथेच असतो. खेळून दमतो ना बाळा. घरी जायला निघतो गुरुवारी."

टिंगू बघतच राहिला.

"म्हणजे मॅच बुधवारी ठेवली, तरी तुम्ही इथेच?"

"इथेच की. मी कुठे जातोय?"

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"अरे, मला कुणी विचारलं का?"

टिंगूने कपाळावर हात मारून घेतला. एका हाताने भागलं नाही. मग दुसऱ्याने मारून घेतला. मग तिसऱ्याने. मग चौथ्याने.

आजोबा म्हणाले, "बरं. पुढची मॅच बुधवारी."

झालं. एवढंच होतं.

आजोबांनी वार बदलला.
वार बदलला, सुतारमामांनी ढोल वाजवला. टकटकाटक, बुधवारी मॅच, टकटकाटक.
ढोल वाजला, बगळेदादा म्हशीवर बसला. फडफड.
बगळा बसला, म्हैसमावशीने पाटी नेली. धप्प धप्प.
पाटी नेली, खारूताईने शेंगा आणल्या. सुर्र सुर्र.
शेंगा आल्या, काकूंनी पिल्लांना आणलं. एक, दोन, तीन, चार, पाच.

आणि बुधवारी मैदान भरलं. दगडावर कोणी ना कोणी. बांधावर कोणी ना कोणी. झाडाखाली तर जागाच नाही. मुळेवाली घूससुद्धा आली.

खेकडे आले आडवे. मॅच सुरू झाली. टिंगू पळाला सरळ. उडी मारली, टुण्ण. लाथ मारली, ठप्प. बॉल गेला सुंऽऽऽ. आणि गेला बाहेर. पार बाहेर. धोतऱ्याच्या झुडपात.

"अरेरेरेरे," सगळे म्हणाले.

पिल्लं म्हणाली. काकू म्हणाल्या. खारूताई म्हणाली. म्हैसमावशी म्हणाली, "अगं बाई गं."

टिंगू जागच्या जागी उभा राहिला. आजवर त्याचे किती बॉल बाहेर गेले होते. कुणी कधी अरेरे म्हणालं नव्हतं. म्हणायला कोणी नव्हतंच. टिंगूच्या पोटात गुदगुल्या झाल्या.

मुंगळ्यांनी बॉल शोधून आणला. टिंगू पुन्हा पळाला. पिल्लं शेंगा खायची थांबली. म्हैसमावशीचं तोंड हलायचं थांबलं. उडी मारली, टुण्ण. लाथ मारली, ठप्प. बॉल गेला सुंऽऽऽ.

गोल झाला.

आणि टाळी वाजली.

पिल्लांनी वाजवली. काकूंनी वाजवली. खारूताईने शेंगांची टरफलं वाजवली. म्हैसमावशीने पाय आपटला, धप्प. सुतारमामांनी ढोल बडवला, टकटकाटक. बगळेदादा नाचायला गेला आणि म्हशीवरून पडला. जागेपणी पडला, म्हणून त्याला वाईट वाटलं नाही.

टिंगू मैदानाच्या मधोमध उभा होता. एवढुस्सा. सगळ्या टाळ्या त्याच्या एकट्याच्या.

"पुन्हा वाजवा," टिंगू म्हणाला.

पुन्हा वाजवली.

"आणखी एकदा," टिंगू म्हणाला.

आणखी एकदा वाजवली. खेकडे म्हणाले, "आता पुरे की." पण त्यांचं ऐकतंय कोण?

कासवआजोबांनाही फार आनंद झाला. त्यांनीही टाळीसाठी हात उचलले. एक हात. मग दुसरा हात.

आजोबांची टाळी वाजली गुरुवारी.

टिंगू तोवर तिथेच थांबला होता.

गोष्ट संपली इथे, टाळी राहिली तुमची. वाजवा बघू.