मोकाशांच्या मांडीचे टाके

श्रीनिवांतनाथ महाराजांचा मुक्काम त्या साली पळसगव्हाणला होता. डोंगराच्या पायथ्याशी लहानसे गाव, गावाबाहेर ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ आणि देवळाच्या ओवरीत महाराज. पाऊस येवो, भांडण येवो, भंडाऱ्याला पीठ कमी पडो, महाराजांच्या ओठी एकच शब्द, "होईल, होईल." आणि ते व्हायचे कसे? तर ठकूबाई गुरवीण राबायची म्हणून! देवळाची झाडलोट, महाराजांची भाकरी, भंडाऱ्याच्या पत्रावळी, सगळे त्या एकट्या बाईच्या अंगावर. तिची भक्ती मोठी खरी, पण जीभ त्याहून मोठी. महाराजांवर चिडण्याचा हक्क साऱ्या गावात तिलाच होता आणि तो ती रोज बजावायची.

गावचे येसाजीराव मोकाशी म्हणजे तालमीत कमावलेले अंग आणि त्या अंगाचा अष्टौप्रहर तोरा. ठकूबाई पत्रावळी लावत बसली की ते मुद्दाम ओवरीशी थांबायचे.

"पानाला पान टोचायचं आणि त्याला सेवा म्हणायचं!" ते हसायचे. "जेवणं झाली की तुझी सेवा उकिरड्यावर. देव काय उकिरड्यावर ऱ्हातो का गं, गुरवीणबाई?"

"उकिरड्यावर ऱ्हात न्हाई, पण उकिरड्याचीबी लाज राखतो," ठकूबाई मान वर न करता म्हणायची, "म्हणून तर तुमास्नी हितं उभं ऱ्हाऊ देतो."

महाराज ऐकायचे आणि हसायचे. त्या हसण्याने तर ती आणखीच जळायची.

वैशाखी पुनवेचा भंडारा तोंडावर आला. पाने आणायला ठकूबाई रानात निघाली, तेवढ्यात मोकाशी देवळापाशी आले आणि महाराजांना काय सुचले कोण जाणे! म्हणाले, "येसाजीराव, रानात अस्वल उतरलंय म्हणतात. आमच्या ठकूच्या सोबतीला जाल का?"

अस्वलाचे नाव काढताच मोकाशांची छाती फुगली. ठकूबाईने मात्र कपाळावर हात मारला. "महाराज, त्यापरीस अस्वल परवडलं!"

"होईल, होईल," महाराज म्हणाले.

अस्वल काही भेटले नाही. भेटले असते तर निदान मोकाशांचे तोंड तरी मिटले असते. रानात पोचेपर्यंत त्यांनी आपल्या कुस्त्या सांगून ठकूबाईचे कान किटवले. पळसाचे पान देठासकट खुडायचे, फांदीला लोखंड लावायचे नाही, ही गुरवांची पिढीजात रीत. पण ती एकेक पान खुडू लागताच मोकाशांनी कोयता उपसला.

"अशानं सांज हुईल. फांद्याच उतरवतो."

"फांदी तोडू नका, मोकाशी! पुढल्या साली काय तळहातावर जेवायचं गावानं?"

"तू गप. पानं येचायला काय अक्कल लागती?" म्हणत त्यांनी कोयता मारला. ओली फांदी लवली, कोयता निसटला आणि त्यांच्याच मांडीत गुडघ्याच्या वर बसला. गाठोडे सुटावे तशी जखम उघडली. पैलवान मटकन खाली बसले.

ठकूबाईच्या तोंडून आधी शिवी गेली, मग देवाचे नाव. तिने पदर टराटरा फाडला, त्याची जाड घडी करून जखमेवर दाबली आणि त्यांचा पाय दगडावर उंच ठेवला. दाबून धरले की रक्त ओसरायचे. पण मोकाशी धरू देतील तर शपथ! दर घडीला घडी उचलून आत डोकवायचे.

"सारखं उचकटून काय बघता? भाकर भाजतीय का आत?" ती कडाडली. "हात काढा तितनं!"

मग त्यांना तहान लागली. तुंब्यात पाणी थोडेच. तिने ते सगळे जखमेवर धार धरून ओतले आणि आतली माती, पालापाचोळा धुऊन काढला. मोकाशी डोळे फाडून बघत राहिले. "प्यायचं पानी ओतलंस?"

"घरी पोचलात तर हिरीत उडी टाकून प्या."

पण घरी पोचायचे कसे? गाव डोंगरधारेच्या पलीकडे. हाक ऐकायला माणूस नाही. तिने फडके आवळून बांधले, त्यांना उभे केले. चार पावले टाकली नाहीत तोच जखमेने पुन्हा तोंड वासले आणि फडके लाल झाले. असे चालले तर मोकाशी वाटेतच संपतील, हे ठकूबाईला स्वच्छ दिसले. माणूस आडमुठा होता, आगाऊ होता, पण त्याच्या घरी बायकापोरे होती, आणि महाराजांनी तिच्या सोबतीला दिला होता. त्याला परत न्यायचा तर जिवंतच न्यायचा.

मागे एकदा वाघराने फाडलेल्या गाईची कातडी महाराजांनी बाभळीच्या काट्यांनी जुळवलेली तिने पाहिली होती. नुसती पाहिली होती. केली कुठे होती? पण दुसरा इलाज नव्हता. ओढ्याच्या वळणावरच्या बाभळीचे लांब, सरळ, पांढरे काटे तिने आणले. मोकाशांच्या चिलमीची चकमक घेऊन जाळ केला, काट्यांची टोके त्यावर धरली. लुगड्याच्या काठातून मजबूत दोरा ओढून काढला. आणि काटा कातडीपाशी नेला तर हात लटलट कापायला लागला!

"म्हाराज," ती रडकुंडीला येऊन ओरडली, "ही सोबत तुमीच गळ्यात बांधलीत! आता तुमीच निस्तरा! मला न्हाई जमत!"

आणि काय सांगावे! हात थांबला. कुणी मनगट धरून चालवावे तसा चालू लागला. जखमेचे दोन्ही काठ जुळवून काटा अल्याडच्या कातडीतून पल्याड गेला. काट्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचे आडवेतिडवे वेढे बसले. काठ जवळ आले. मग दुसरा, मग तिसरा.

माझ्या बापांनो, आज दवाखाना हाताशी असताना कुणी हा उद्योग करायला जाऊ नका. त्या दिवशी का निभावले, ते पुढे येतेच आहे.

पहिला काटा घुसला तेव्हा मोकाशी बोंब मारतील म्हणून ठकूबाईने दात आवळले होते. पण मोकाशी गप्प. त्यांनाही नवल वाटले. ते मांडीकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा तोरा परत आला.

"बघितलंस? हूं न्हाई का चूं न्हाई. हाड हाय मोकाशाचं!" थोड्या वेळाने म्हणाले, "जरा सरळ घाल की. पत्रावळ न्हवं ही." आणि आणखी थोड्या वेळाने, "तुजा म्हाराज आत्ता ओवरीत घोरत आसंल. म्या कमावलेल्या अंगानं वाचलो, ध्यानात ठेव."

इतका वेळ गिळलेला राग ठकूबाईच्या मस्तकात गेला. गुडघ्याजवळचा शेवटचा काटा तिने तिरपाच खुपसला, दोरा दातांत धरला आणि मनात म्हणाली, 'आता बघते कसा वरडत न्हाईस!' आणि अंगातले सगळे बळ लावून दोरा ओढला.

मोकाशांनी जांभई दिली.

वरून फडके बांधून, काठीच्या आणि तिच्या खांद्याच्या आधाराने, शिव्या खात आणि शिव्या देत ते दिवेलागणीला देवळाशी पोचले. रक्ताचा थेंब पुन्हा आला नव्हता. गावकरी गोळा झाले. मोकाशांना ओवरीत बसवले, पाय लांब केला. आणि त्यांची जीभ सुटली! रान त्यांनीच जिंकले होते, रक्त त्यांनीच थांबवले होते, ठकूने काय ती थोडीशी टोचाटोची केली होती. "पन सांगतो, म्हाराज, एक आवाज न्हाई काढला!"

"पैलवान गडी खरा," महाराज कौतुकाने म्हणाले. वैशाखाच्या उकाड्यातही ते मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते.

ठकूबाई उठली. दिवसभराचा शीण, वर ही फुशारकी, आणि महाराजांचे हे कौतुक! तिने पाय धुवायला पाण्याचा तांब्या आणून महाराजांपुढे आदळला. "उठा. पाय धुवा. भाकरी टाकायची हाय मला."

महाराज उठले आणि खांबाला धरून थबकले. घोंगडी खाली घसरली. गुडघ्याच्या वर, उजव्या मांडीवर, अल्याड पल्याड ताज्या टोचण्यांच्या खुणा होत्या. प्रत्येक खुणेभोवती दोरा आवळल्याचा वळ. आणि गुडघ्याजवळची शेवटची खूण तिरपी. तिथली कातडी काळीनिळी पडली होती.

मोकाशांनी आपल्या मांडीवरचे फडके बाजूला सारले. एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

ठकूबाई मात्र किंचाळली. "अवो म्हाराज! शेवटचा म्या रागानं वढला! त्येंला लागावं म्हणून वढला!"

"लागला खरा," महाराज म्हणाले. "डोळ्यांत पाणी आलं."

"मग सांगायचं न्हाई व्हय? हितनं हाक मारायची! मला काय ठावं तुमी..."

"अगं, येसाजीरावांना लागावं म्हणून ओढलास, तो कुणाला लागायचा? तिथं मीच की."

मोकाशी जमिनीला तळवे टेकून पुढे सरकू लागले. हे लक्षात येताच महाराजांनी घाईने हात केला. "येसाजीराव, वाकू नका. पाय दुमडला तर टाके उसवतील."

मोकाशी थांबले. मग पाय तसाच ताठ ठेवून ते कुशीवर कलले, पालथे झाले आणि साऱ्या गावादेखत त्या धुळीत लांबच्या लांब पडले. आधी त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग तसेच सरपटत वळले आणि ठकूबाईच्या पायांशी आले.

"अवो, हलू नका म्हणते ना!" दोन्ही हातांनी मोकाशांची मांडी धरून ती महाराजांकडे बघत रडत ओरडली. "दुकंल त्येंला!"