चैत्रगौरीपुढची आगगाडी

काही वर्षांमागे माईंच्या घरी चैत्रगौरीच्या आराशीत खेळण्यातली आगगाडी धावे. रुळांवर दोन इंजिनं होती; वीज कमीजास्त करणारा जुना रेग्युलेटर फिरला की दोन्ही एकदमच निघत आणि एकमेकांवर आदळत. म्हणून माईंनी डिजिटल पेटी आणली. ती प्रत्येक इंजिनाला वेगळी हाक मारी.

"मलाच का ऐकू येत नाही?" म्हाताऱ्या तांबू इंजिनाने विचारलं.

"माझी हाक ऐकणारी चिप तुमच्या पोटात नाही ना, आजी! माझ्या रुळावरच्या विजेने जळाल. खोक्यात जाऊन बसा," पेटी म्हणाली.

तांबू रडवेली झाली. "रेग्युलेटरभाऊ, तुम्हीच राहा ना!"

"मी राहिलो तर टक्कर चालूच. पेटीबाई, तांबूला चिप बसेल?"

"बसेल की! पण मग तुमचं काय?"

"स्टेशनचे दिवे आहेत ना, ते मी सांभाळीन!"

संध्याकाळी माईंनी चिप बसवली. तांबूला पहिली हाक ऐकू आली, आणि रेग्युलेटरने गौरीपुढच्या स्टेशनचे दिवे हळूहळू उजळले.