डाव्या मांडीवरचा शड्डू

"पंचाच्या कानाखाली वाजवली म्हणून माझा फोटो अडवलाय, व्हय ना वस्ताद?"

यशवर्धन खोतानं काचेची फ्रेम कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कठड्याला टेकवली. राज्याचं मैदान मारलेला गडी. असं मैदान मारणाऱ्याचा फोटो या तालमीच्या भिंतीवर लागायचा, हा रिवाज. सतरा फोटोंच्या शेजारचा खिळा मात्र आठ महिने रिकामा होता आणि तो त्याला झोपेतही टोचायचा.

हसनभाई वस्ताद मातीत ताक शिंपत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुस्ती चोख मारली का न्हाई मी?"

"मारलीस."

"मग? हात उचलला ती माझी चूक, माझ्यापाशी. मी पैलवान हाय, कीर्तनकार न्हवं. पोरास्नी वळण लावायचं काम आईबापाचं. माझ्यागत वागा म्हणून मी कुणाला सांगितलंय?"

वस्ताद ताक शिंपतच राहिले.

"बोला की वस्ताद!"

वस्तादांनी हात झटकले. समोर बारा पठ्ठे लंगोट कसून उभे होते.

"ठोका रं शड्डू."

तालीम दणाणली. यशवर्धनच्या कपाळाला मात्र आठी पडली. इथं पिढ्यान्‌पिढ्या शड्डू उजव्या मांडीवर वाजत आला, आणि या बाराही जणांनी तो डाव्या मांडीवर ठोकला होता.

"हे कुणी शिकवलं रं तुमास्नी?" तो खेकसला.

पुढचा पठ्ठ्या अभिमानानं हसला. "तुमचंच बघून की, पैलवान!"

यशवर्धनचा हात आपसूक उजव्या गुडघ्याकडं गेला. मैदान मारलं त्या वर्षी त्याचा हा गुडघा गेला होता. उजवी मांडी थोपटली की कळ मस्तकात जायची, म्हणून तो डावी थोपटायचा. दुखणं त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"वस्ताद... ती माझी दुखापत हुती. डाव न्हवता त्यो."

"व्हय."

"मी कुणाला सांगितलं न्हवतं..."

"न्हाई सांगितलंस."

वस्तादांनी फ्रेम उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं काच पुसली आणि सरळ त्या खिळ्याला अडकवली. आठ महिने ज्यासाठी जीव तळमळला ते झालं होतं, आणि यशवर्धनला तिकडं बघवेना. तो दाराकडं वळला.

"थांब लेका," वस्ताद म्हणाले. "तुझा गुडघा बरा झाला. आता ह्या बाराजणांचा बरा कर."